हळूमास्तरांच्या क्लचमधली हवा

"तुमचा पाय हवा होता जरा," असं एखाद्या शेजाऱ्यानं रविवारी दुपारी फाटकाशी उभं राहून म्हटलं, तर बाईमाणसानं काय समजावं? मी आधी त्यांच्या हाताकडे पाहिलं. कुऱ्हाड नव्हती. पाना होता.

हे आमचे हळूमास्तर. गाडी शिकवतात. छतावर लाल अक्षरांची पाटी बसवलेली त्यांची पांढरी गाडी आमच्या भिंतीपलीकडच्या अंगणात पत्र्याखाली उभी असते. गावातले निम्मे लोक त्यांच्या हाताखाली, खरं तर त्यांच्या पायाखाली, शिकलेले. कारण त्या गाडीला क्लच दोन आणि ब्रेकही दोन. एक जोडी शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरी शेजारी बसलेल्या मास्तरांच्या पायाशी. शिकणारा चुकला की मास्तर आपलं पेडल दाबतात आणि तोंडानं म्हणतात, "हळू."

ते सगळ्यांनाच हळू म्हणतात. जिना उतरणाऱ्याला, पाणी ओतणाऱ्याला, शिंकणाऱ्याला. चहा गरम असला तर चहालाही. वहिनी सांगतात, लग्न होऊन घरात आल्या तेव्हा उंबऱ्याशी मास्तर हलक्या आवाजात "हळू" म्हणाले, आणि त्यांना वाटलं, किती जपणारा नवरा मिळाला. पुढे कळलं की हातगाडीलाही ते तितक्याच मायेनं म्हणतात.

घाबरण्याच्या बाबतीत मास्तरांनी कधी भेदभाव केला नाही. कुत्रा, कुकरची शिट्टी, शिडी, लिफ्ट, फुगा. फुग्याला जास्तच, कारण कुत्रा निदान आधी भुंकतो. रस्ता ओलांडताना शेजारी जो असेल त्याचा हात धरतात, ओळख पलीकडे गेल्यावर करून घेतात.

आणि गल्लीत फक्त मला ठाऊक असलेली गोष्ट, म्हणजे मी सांगेपर्यंत फक्त मला ठाऊक असलेली, ती अशी की मास्तर गाडी चालवत नाहीत. सकाळी पहिला शिकाऊ येतो, तो गाडी अंगणातून बाहेर काढतो. संध्याकाळी शेवटचा शिकाऊ ती आत लावतो. मधल्या वेळात मास्तर असतात शेजारच्या सीटवर. शिकाऊ नसेल त्या दिवशी गाडी जागची हलत नाही; मास्तर पिशवी घेऊन चालत बाजारात जातात. दिव्याखाली अंधार ऐकला होता, पण इथे दिवाच अंधारात बसायचा. एकदा भिंतीवरून मी सरळ विचारलं, मास्तर, तुम्ही का नाही हो चालवत? बराच वेळ ते पाटीवरची धूळ पुसत राहिले. मग म्हणाले, "मी चालवतो तेव्हा माझ्या शेजारी मी नसतो ना."

त्यावर मी हसले होते. त्या रविवारी संध्याकाळी ते वाक्य मला परत आठवायचं होतं.

तर पाय. मास्तरांनी मला अंगणात नेलं, फाटकाला आतून कडी घातली, आणि उपड्या बादलीवर बसून आवाज इतका खाली नेला की मला जवळजवळ त्यांच्या मांडीवर बसावं लागलं असतं. गाडीच्या क्लचनं एअर धरली होती. हा क्लच तेलावर चालतो. पाय दाबला की पाइपातलं तेल पुढे सरकतं, खालच्या छोट्या सिलिंडरला ढकलतं आणि इंजिन चाकांपासून सुटतं. तेलात हवा शिरली की पाय दाबला तरी नुसती हवा दबते, इंजिन काही चाकांना सोडत नाही. तो छोटा सिलिंडर गळका निघाला होता. मास्तरांनी गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या दुकानातून, दुसऱ्याच कुणाच्या गाडीसाठी हवाय असं सांगून, नवा आणला होता आणि पहाटे बसवलाही होता. आता आत शिरलेली हवा तेवढी काढायची. त्याला दोन माणसं लागतात: एक खाली झोपून स्क्रू उघडणारा, एक वर बसून पेडल दाबणारा.

मी म्हटलं, मग गॅरेजवाला काय वाईट? तर म्हणे त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. हे ऐकून मला भरून आलं. माझ्या तोंडात तीळ जातो तोच मुळी बातमी होऊन बाहेर पडायला, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. तरी माणूस माझ्या दाराशी आला, म्हणजे त्याच्यापुढे दुसरं दार उरलं नव्हतं. मी चेष्टा आवरती घेतली.

"उद्या सकाळी हिची टेस्ट आहे," मास्तर म्हणाले. "याच गाडीवर."

आता वहिनींबद्दल सांगायला हवं. मास्तरांनी दोघांच्या वाटणीचं घाबरून घेतल्यामुळे वहिनींच्या वाट्याला काही राहिलंच नाही. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर जन्म काढलेली बाई. रोज सकाळी कोरड्या नळाचे लोक येऊन ओरडायचे, ह्या त्यांचं ओरडून होईपर्यंत शांतपणे पेन्सिलीला टोक करायच्या. झुरळ मारायला त्यांना चप्पल शोधावी लागत नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीला मुलगी झाली. मुलगी राहते लांब, मध्ये बस बदलावी लागते, आणि बदलायची बस कधी येईल ते बसलाच ठाऊक. नात पालथी पडली ती वहिनींनी फोनवर पाहिली, रांगली तीही फोनवर. दारात गाडी, घरात गाडीचा मास्तर, आणि आजी फोनच्या काचेवरून नातीच्या गालावर बोट फिरवतेय. एक दिवस त्यांनी पोळपाट-लाटणं बाजूला ठेवलं आणि मास्तरांना सांगितलं, तुम्ही नेत नाही ना, मग मला शिकवा, मी जाईन.

मास्तरांना नाही म्हणता येईना. म्हणून त्यांनी शिकवायला सुरुवात केली आणि संपवलीच नाही. इतरांना ते महिन्याभरात तयार करतात, बायकोला वर्ष झालं तरी "अजून थोडं हळू." कधी म्हणे वळण कच्चं आहे, कधी म्हणे आरशात बघताना मान जास्त वळते. एकदा टायर बदलायला झालेत, एकदा हवामान बरं नाही. शेवटी वहिनींनी स्वतःच जाऊन टेस्टची तारीख घेतली आणि घरी येऊन सांगितली.

म्हणजे मास्तरांची गोची लक्षात घ्या. आज रविवारी त्यांनी सांगितलं असतं की गाडीचा क्लच गेलाय, उद्या जाऊ नकोस, तर वहिनी काय समजल्या असत्या? वर्षभर लांडगा आला म्हणून ओरडणाऱ्यानं खरा लांडगा कुठल्या तोंडानं दाखवावा? आणि नाही सांगितलं असतं, तर वहिनी त्या गाडीत बसल्या असत्या. टेस्ट घेणारे साहेब मास्तरांच्या सीटवर, मास्तर बाहेर, आणि टेस्टचा रस्ता कालव्याच्या उतारावरून.

वहिनी त्या वेळी बाजारात गेल्या होत्या. टेस्टसाठी पातळ तळव्याचे बूट आणायला. म्हणजे पायाला पेडल नीट कळतं, असं त्यांना मास्तरांनीच शिकवलं होतं.

गाडीचं पुढचं तोंड वर उचललेलं होतं. जॅक, जॅकशेजारी गाडी टेकवायची लोखंडी घोडी, घोडीशेजारी, केवळ मनाच्या समाधानासाठी, कपडे धुवायचा दगड. मागच्या चाकांना पुढून विटा, मागून विटा. मास्तरांनी घोडी हलवून पाहिली. मग गाडी हलवून पाहिली. मग परत घोडी. त्यानंतर पाठीखाली पोतं घेऊन, पाय बाहेर ठेवून, डोकं आधी घालून ते गाडीखाली सरकले. सरकण्यापूर्वी त्यांनी मला गाडीत बसवलं, आणि बसवलं कुठे, तर आपल्या स्वतःच्या सीटवर. इतक्या वर्षांत त्यांचा पाय दुसऱ्या क्लचवर पडला नव्हता. क्लच म्हणजे हाच. मला तर काय, दाखवाल तिकडे बसेन.

"दाबा," खालून आवाज आला. "हळू."

दाबलं.

"धरा. हळू."

हळू कसं धरायचं ते मला कळेना, पण मी धरलं. खाली पाना करकरला, स्क्रूच्या नळीखाली धरलेल्या बाटलीत काहीतरी थुंकल्यासारखा आवाज झाला, पाना परत करकरला.

"सोडा. हळू."

सोडलं. असं किती वेळ चाललं कोण जाणे. सुरुवातीला मला गंमत वाटली. मग खाली पाहिलं. माझ्या पायाखाली पेडल, पेडलखाली गाडी, आणि गाडीखाली वहिनींचा नवरा. माझ्या प्रत्येक दाबण्याला तो पत्र्याचा डोंगर किंचित हलत होता. पायाला घाम येतो हे मला त्या दिवशी कळलं. मी तोंड बंद ठेवलं होतं, यावरून वाचकांनी काय ते ओळखावं.

मधूनच मास्तर बाहेर येत. चेहरा काळा, डोळे पांढरे. बोनेटखालच्या डब्यात तेल ओतत, आत हात घालून माझ्या पायाशी पेडल दाबून बघत, आणि काही न बोलता परत खाली जात. पेडल तसंच होतं. उशीत पाय रुतावा तसं. बाटलीत एखाददुसरा बुडबुडा यायचा, थोडंसं तेल यायचं, आणि परत पहिले पाढे पंचावन्न.

आणि मग, चेहरा दिसत नव्हता म्हणून असेल, खालून मास्तर बोलायला लागले.

चष्म्याच्या दुकानाचा मालक सध्या त्यांच्याकडे शिकतो. गेल्या आठवड्यात त्याला घेऊन ते कालव्यावर गेले होते. तिथे रस्ता उतरत कालव्यापर्यंत जातो, कठड्यासमोर थोडी सपाट जागा आहे, आणि तिथून काटकोनात वळतो. चष्मेवाल्यानं सगळं बरोबर केलं. सपाट जागेवर ब्रेक मारला, क्लच दाबला, आणि गाडी थांबली असं समजून ब्रेकवरचा पाय काढला. गाडी थांबलेली नव्हती. ती पहिल्या गिअरमध्ये, क्लच दाबलेला असताना, कठड्याकडे निघाली. मास्तरांनी आपला क्लच दाबला. पाय थेट जमिनीला टेकला. खाली काही नव्हतंच.

"पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी, तसं," खालून आवाज आला.

मग त्यांनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. इंजिन गचका खाऊन बंद पडलं. गाडीचं नाक कठड्याला टेकलं होतं आणि काचेतून समोर रस्ता दिसत नव्हता, नुसतं पाणी दिसत होतं. चष्मेवाला घामाघूम होऊन म्हणाला, मास्तर, चुकलं माझं. आणि मास्तर गप्प बसले. वर त्यानं चहा पाजला तोही प्यायले.

हा प्रसंग मी बाजारात चष्मेवाल्याच्या तोंडून ऐकला होता. आपण कसे कालव्यात जात होतो आणि मास्तरांनी कसं वाचवलं, हे तो गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा ठेवता ठेवता सांगत होता. त्यात मी थोडं तिखटमीठ घालून पुढे पोचवलंही होतं. आता त्याच गोष्टीची उलटी बाजू गाडीखालून ऐकताना मला चेष्टेचा एक शब्द सुचेना.

तेवढ्यात भिंतीवरून मांजर धपकन बोनेटवर पडलं.

गाडी हलली. जॅक कुरकुरला. मी पेडल दाबलेलं होतं ते सोडायचं की धरायचं ते कळेना, म्हणून श्वास धरला. खालून काहीही आवाज नाही. मांजर बोनेटवर बसून पाय चाटत राहिलं. खूप वेळानं खालून अगदी बारीक आवाजात, मांजराला उद्देशून असावा, शब्द आला: "हळू."

आणि नेमकं त्याच वेळी बाहेरून फाटक हललं.

आतून कडी असली तर वरून हात घालून ती कशी काढायची हे वहिनींना माहीत आहे. त्या आत आल्या. हातात बुटांचा खोका. समोर तोंड वर केलेली गाडी, गाडीत नवऱ्याच्या सीटवर मी, आणि गाडीखालून बाहेर आलेले, न हलणारे दोन पाय. बायकोची चाहूल लागताच मास्तर लाकूड झाले होते.

खोका पडला. वहिनींचा चेहरा मी इतक्या वर्षांत तसा पाहिला नव्हता. त्या पळत आल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. जागच्या जागी खाली बसल्या आणि त्या पायांपैकी एकाचा अंगठा चिमटीत धरला.

"अहो," त्या म्हणाल्या.

"काही नाही, काही नाही," पाय म्हणाले. "हळू. घोडी आहे लावलेली."

मग थोडा वेळ वहिनींनी अंगठा धरूनच ठेवला. रंग परत आला तसा रागही आला. त्यांनी पाना पाहिला, तेलाचा डबा पाहिला, मला पाहिलं, आणि त्यांना जे वाटायचं तेच वाटलं.

"तुम्ही मुद्दाम केलंत," त्या म्हणाल्या. "उद्या मी जाऊ नये म्हणून गाडी उघडून बसलात."

मास्तर बाहेर आले नाहीत. खालूनच त्यांनी सगळं सांगितलं, मघाशी मला सांगितलं होतं तसंच: कालवा, चष्मेवाला, नसलेली पायरी, चहासुद्धा. फक्त शेवटी एक वाढवलं. त्या काचेतून पाणी दिसलं तेव्हा शेजारी चष्मेवाला नव्हता असं त्यांना वाटलं. तिथे वहिनी होत्या.

वहिनींना बसायचं होतं, आणि जवळात जवळ सीट होती ती ड्रायव्हरची. वर्षभराची सवय. दार उघडून त्या आपल्या जागेवर बसल्या, तशी गाडी कुईं करून जरा दबली, मी देवाचं नाव घेतलं, आणि वहिनींचा डावा पाय आपसूक क्लचवर गेला.

"अगं," त्या मला म्हणाल्या, "तू काय दाबत होतीस मघापासून?"

क्लच, मी म्हटलं.

"मग हा कोण?"

मी वाकून पाहिलं. त्यांच्या पायाशी असलेलं पेडल अर्ध्यात लोळत पडलं होतं. झोपेत तोंड उघडं राहावं तसं. मी माझं दाबलं. त्यांचं इंचभर खाली गेलं. मी माझं सोडलं. माझं टुणकन वर आलं, ते तिथेच लोळत राहिलं.

मास्तरांचं पेडल हे खरं पेडल नव्हेच. त्याला एक तार बांधलेली असते. आपण इकडे दाबलं की तार तिकडचं पेडल ओढते. पण तार फक्त ओढते, परत ढकलून वर आणत नाही. एरवी तिकडचं पेडल आपल्या जोरानं वर येतं. हवा भरल्यावर तो जोर राहत नाही. म्हणजे मी इतका वेळ तेवढ्या इंचभरात पाय नाचवत होते, आणि आतली हवा पाइपात पाळण्यासारखी पुढेमागे झुलत होती. बाहेर पडायचं तिला कारणच नव्हतं.

हे खाली सांगितलं तेव्हा पाना जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. मग मास्तर म्हणाले, "मला तिकडचं पेडल आठवलंच नाही." यात बहाणा नव्हता. त्यांच्या जगात ती बाजू दुसऱ्यांची होती.

वहिनी उतरल्या, पडलेला खोका उचलून आणला, नवे बूट काढले, घातले, नाडी बांधली. परत बसल्या. बुटाचं टोक पेडलखाली अडकवून ते पूर्ण वर उचललं आणि विचारलं, तयार?

"दाब," मास्तर म्हणाले. या वेळी पुढे हळू म्हणाले नाहीत.

वहिनींनी पाय पार तळाला नेला. खाली पाना करकरला, आणि बाटलीत असा गटगट आवाज झाला की मांजर बोनेटवरून उडालं. परत वर, परत खाली. गटगट. मी आता बिनकामाची झाले होते म्हणून डब्यात तेल ओतायचं काम माझ्याकडे आलं; रंगावर थेंब सांडू नका, रंग खातं ते, हे मास्तरांनी खालून कितीदा बजावलं ते विचारू नका. हळूहळू बुडबुडे बारीक झाले, मग एकेकटे आले, मग आलेच नाहीत. स्वच्छ तेलाची धार नळीतून उतरत राहिली. पेडल आता पायाला उलट ढकलत होतं. वहिनी म्हणाल्या, आलं, आहे कुणीतरी खाली.

गाडी जमिनीवर आली. विटा निघाल्या. उन्हं उतरायला लागली होती. वहिनींनी चावी उचलली. एकदा कालव्यावर जाऊन बघू, मी चालवते, तुम्ही बसा तुमच्या जागेवर. सगळं जिथल्या तिथे.

मास्तर उठले नाहीत. उपड्या बादलीवर बसून हात पुसत होते. पुसून झालेले हात परत पुसत होते.

"नाही," ते म्हणाले. "आधी मी."

मी मागच्या सीटवर होते, कारण मला कुणी उतर म्हटलं नव्हतं आणि मी काही वेडी नाही. पण गाडी फाटकाबाहेर पडली तशी माझी हौस फिटली. मास्तर ड्रायव्हरच्या सीटवर इतके पुढे बसले होते की नाक काचेला लागेल. स्टिअरिंग असं धरलेलं, जणू ते कुणी ओढून नेणार आहे. वहिनी शेजारी, मास्तरांच्या जागेवर. आणि मागच्या सीटवर, हे मला उशिरा सुचलं, मला कुठलंच पेडल नव्हतं.

न्हाव्यानं दुकानातून हात केला आणि हात तसाच वर राहिला. मास्तरांना त्या बाजूला त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. उतार आला. कठडा दिसला, त्यापलीकडे पाणी, संध्याकाळचं, शिशासारखं. मास्तरांनी गाडी सपाट जागेवर आणली. कठड्यापासून मोटारीच्या लांबीइतकी. पहिला गिअर, क्लच तळाला, ब्रेक दाबलेला, इंजिन चालू. आता एवढंच करायचं: ब्रेकवरचा पाय काढायचा. क्लच सुटत असेल तर गाडी जागेवर. सुटत नसेल तर समोर कालवा.

मास्तरांना पाय काढता येईना.

इंजिन घुरघुरत राहिलं. त्यांच्या मानेवरून घामाचा ओघळ कॉलरमध्ये गेलेला मी पाहिला. गुडघा इतका थरथरत होता की चावीची साखळी वाजत होती. मला त्यांचं ते जुनं वाक्य आठवलं, भिंतीवरून ऐकलेलं, ज्याला मी हसले होते. या माणसानं एवढ्या लोकांच्या शेजारी बसून एवढी वर्षं काढली आणि याच्या शेजारी कधीच कुणी बसलं नाही.

"मी आहे ना इकडे," वहिनी म्हणाल्या. मोठ्यानं नाही. पाणी नाही म्हणून आलेल्या माणसाला उद्या येईल असं सांगतात त्या आवाजात.

मी मागून वाकून पाहिलं. त्यांचा नवा बूट ब्रेकच्या वर अधांतरी धरलेला होता, टेकवलेला नव्हता. आणि तोही थरथरत होता. झुरळाला न घाबरणाऱ्या बाईचा बूट.

मास्तरांनी पाय काढला.

गाडी जागची हलली नाही. इंजिन चालू, गिअर पडलेला, कुठलाही ब्रेक नाही, आणि गाडी शहाण्या जनावरासारखी उभी. मी डोळे मिटले होते ते उघडले. समोर कठडा होता तेवढाच लांब होता.

मास्तरांनी मागचा गिअर टाकला, गाडी वळवली आणि घराकडे आणली. वाटेत एकच बोलले: टेस्टला जाताना चष्म्याच्या दुकानासमोर जरा थांबू, त्याची काही चूक नव्हती हे त्याला सांगायचंय.

आणि सांगितलं. चष्मेवाला आधी गोंधळला, मग चिडला, मग म्हणाला, मास्तर, इतके दिवस मी झोपलो नाही हो. पुढे तो पुन्हा शिकायला आला, पण आता बसल्या बसल्या आधी मास्तरांनाच विचारतो, क्लच बघितला का?

कालव्याच्या उताराशी, टेस्ट सुरू होते तिथे, मी मास्तरांच्या शेजारी उभी होते. साहेब मास्तरांच्या सीटवर बसले, वहिनी आपल्या. गाडी निघाली. मास्तर गाडीकडे बघत होते, मी त्यांच्या पायांकडे. डावा पाय मातीत दाबला जायचा, उजवा उचलला जायचा, डावा हलके सुटायचा. गाडी वळणावर गेली की दोन्ही. चढावर गाडी थांबली तेव्हा त्यांचा उजवा पाय मातीत घोट्यापर्यंत जाईल की काय असं वाटलं. मग चढावरच, गाडी निघण्याच्या आधी, तो त्यांनी आपणहून उचलला. गाडी मागे न सरकता वर गेली. मास्तर एका पायावर उभे होते. मी कोपराला धरलं नसतं तर पडले असते.

साहेब उतरले, मान हलवली, सही केली आणि पुढच्या गाडीकडे गेले. मास्तर आपल्या दाराशी गेले, आत बसले, आणि सवयीनं पाय पेडलांवर ठेवले.

"पाय वर घ्या," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी न ऐकल्यासारखं केलं.

"अहो. वर."

मास्तरांनी चपला काढल्या. दोन्ही पाय सीटवर घेतले आणि मांडी घातली. एका हातानं वरची कडी धरली, दुसऱ्या हातानं स्वतःचाच अंगठा. गाडी तिथूनच नातीकडे निघाली; मुलीच्या घरापर्यंतचा रस्ता लांब आहे, मध्ये दोन घाट आहेत. ते तसेच बसून गेले, मांडी न मोडता. हे मला वहिनींनी सांगितलं, आणि त्यांनी हेही सांगितलं की घाटात कुठेतरी मास्तरांचे डोळे मिटलेले दिसले आणि ते घाबरल्यामुळे मिटलेत असं समजून त्यांनी वेग कमी केला, तर मास्तर घोरत होते.